जळक्या रबराचा वास

दिवा स्टेशनजवळच्या चाळीत असताना माझ्या लेकीला, रचनाला, फिट यायच्या आधी जळक्या रबराचा वास यायचा. मागे कचरा पेटलेला असायचाच. पेटवणाऱ्यांना शिव्या घालत मी खिडकी लावायचे. वास बाहेरून नाही, तिच्या मेंदूतून येतोय, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. गोळ्यांनी फिट थांबेनात, म्हणून मेंदूचा तेवढा भाग ऑपरेशन करून काढला. त्यानंतर वर्षभर एकही फिट आली नाही. आम्ही वर्तकनगरला राहायला आलो. आज डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, तर तिचे पप्पा लगेच स्कूटरच घेऊन आले. "आई, पहिला राउंड तुझा," किल्ली नाचवत ती म्हणाली. मी चपला घातल्या. दारात थबकून तिने नाक मुरडलं. "खिडकी लाव ना गं. परत कचरा पेटवलाय." खिडक्या बंदच होत्या. "लावते हां," म्हणत मी तिच्या मुठीतून किल्ली सोडवू लागले.