दोन बोटं चहा

ऋतिकाच्या घरी लोडशेडिंगनं बंद पडलेल्या पंख्याखाली बसेपर्यंत, तिचं नाव न पाठवण्याची कर्णिक सरांकडची तिन्ही कारणं शाबूत होती. तिचा पासपोर्ट झालेला नसणार, हे पहिलं. झाला असला तरी अंजूरच्या पाटलांच्या घरातून एकटी पोर कझाकस्तानला कोण धाडतंय, हे दुसरं. आणि देवेशची उंची, हे तिसरं. रविवारची परेड आटोपून भिवंडीहून येताना रिक्षात त्यांनी ती मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली होती. एनसीसीची खाकी बघून शेजारचा माणूस त्यांना पोलीस समजला आणि अंग चोरून बसला. त्या दिवसातला सरांचा दरारा तेवढाच. चौथंही एक कारण होतं. देवेश कॉलेजच्या ट्रस्टींचा भाचा होता. पण ते सर कारणांत धरत नव्हते.

एनसीसीच्या कझाकस्तान दौऱ्यासाठी कॉलेजातून एकाच कॅडेटचं नाव मागवलं होतं. काल सरांनी देवेशचं नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून पाठवलं. तेवीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचा हात अशा वेळी कुठं वळायचं ते आपोआप वळतो.

सर कशाला आले असतील, याविषयी त्या घरात शंकाच नव्हती. ऋतिकाची आई कमळ हसत बाहेर आली ती प्लास्टिकची पिशवी घेऊनच. आधी पासपोर्ट निघाला. गुरुवारीच आला होता. चौकशीला आलेला पोलीस दोनदा चहा पिऊन गेल्याचंही तिनं सांगितलं. मग निघाला स्वेटर, मरून रंगाचा, लेबल न काढलेला. तो पोरीच्या बाबांनी उल्हासनगरला स्वतः जाऊन आणला होता.

"थंडी जाम हाय म्हनं तिकडं," कमळ म्हणाली. "हिचे बाबा बोलतात, जाऊं दे पोरीला. आपून कंदी ठान्याच्या फुडं गेलो न्हाय."

सरांची दोन कारणं अशी उभ्या उभ्या गेली. टोपी गुडघ्यावर ठेवून ते तिसऱ्याला धरून बसले.

"जय हिंद सर," म्हणत ऋतिका ट्रे घेऊन आली. आठ रविवार परेडनंतर भूगोलाच्या वर्गात सर कॅडेटना तिकडची भाषा आणि रीतिरिवाज शिकवत होते. शिकवत होते म्हणजे, झेरॉक्स केलेल्या पुस्तिकेत मुलांच्या एक पान पुढं राहत होते. तिसऱ्या रविवारी ऋतिका त्यांच्या एक पान पुढं गेली. नान, किताप, पियाज, रहमेत. अर्धी भाषा तर आपल्या नाक्यावरचे लूमवाले बोलतात सर, असं ती म्हणाली होती. त्या आठांतले तीन रविवार देवेश आला होता. त्यातल्याही एका रविवारी फोन आला म्हणून बाहेर गेला, तो गेलाच.

ट्रेमध्ये किटली होती आणि चटणीची पांढरी वाटी. ऋतिकानं वाटीत दोन बोटं चहा ओतला आणि दोन्ही हातांनी सरांपुढं धरला. कमळला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगो, सरांना एवढासाच?"

"तिकडं असाच देतात, आई."

पुढचं तिनं सांगितलं नाही. सरांना सांगायची गरज नव्हती. धडा त्यांचाच होता. पाहुणा हवासा असला की वाटी अर्धी भरायची. म्हणजे तो पुन्हा मागतो, यजमानाला पुन्हा द्यायला मिळतो आणि बसणं लांबतं. वाटी काठोकाठ भरली, की पाहुण्यानं समजायचं, चहा संपवायचा आणि उठायचं. तोंडानं कुणी काही बोलत नाही.

सरांनी चहा घेतला. वाटी पुढं केली. पुन्हा दोन बोटं आला. तोही संपला. वेलची घातलेली होती.

मग त्यांनी सांगून टाकलं. नाव देवेशचं गेलं. उंचीचंही सांगायला घेतलं, पण अर्ध्या वाक्यातच त्यांना कंटाळा आला. देवेशचा की स्वतःचा, ते त्यांनाही नीट कळलं नाही.

ऋतिका किटलीकडं बघत राहिली. कमळनं स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या, तो पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली.

"न्हाय तं न्हाय," ती म्हणाली. "तुमी एवढ्या उन्हाचं सोता सांगायला आलाव, ह्ये काय कमी हाय?"

सर खरे ज्यासाठी आले होते ते अजून राहिलंच होतं. नुसतं सांगायचं असतं तर फोन पुरला असता. शुक्रवारी देवेशची मुंबईत मुलाखत होती आणि त्याला नान सोडून काही येत नव्हतं.

"तुझी वही," सर टोपीकडं बघत म्हणाले. "चार दिवसांसाठी. देवेशला."

ऋतिका आत गेली. जरा वेळानं वही घेऊन आली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, वर नाव लिहिलेली. तिनं ती सरांसमोरच्या टीपॉयवर सरळ ठेवली. मग खाली बसली, किटली उचलली आणि वाटीत चहा ओतू लागली. दोन बोटं झाला, अर्धी वाटी झाली, तिचा हात थांबला नाही. चहा काठाला येऊन वर फुगला आणि राहिला. थेंबही सांडला नाही.

"हां, आता कसं," कमळचा जीव भांड्यात पडला.

सरांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. चटके सोसत, न थांबता चहा संपवला. वही काखेत घेतली, टोपी डोक्यावर चढवली आणि उभे राहिले.

"उठलाव काय सर?" कमळ म्हणाली. "आताशी कुठं पोरीनं भरून दिला."