नकाशावरचं पाणी

मावशीचा मका सुकत होता. पण पाटबंधारे कार्यालयाच्या संगणकातल्या नकाशावर तिचं शेत निळं, म्हणजे भिजलेलं दिसत होतं. त्यामुळे तिची पाण्याची पाळी रद्द झाली.

तिचा भाचाच कालवा निरीक्षक. तो शेतात उतरला. जमिनीला भेगा पडल्या होत्या.

"तुझ्या नकाशाला डोळे आहेत की बटणं?" मावशी बांधावरून म्हणाली.

हसत त्यानं कार्यालयात फोन लावला. "साहेब, देवाशप्पथ, इथं थेंब नाही. पाणी सोडा."

"अहो, इथे नकाशावर तर गुडघाभर दिसतंय."

त्यानं खाली पाहिलं. माती कोरडीठाक होती आणि विजार गुडघ्यापर्यंत चिंब.

"मावशी, खाली उतरू नकोस."

"उतरले की मघाशीच," मागून आवाज आला.

"आता खांद्याएवढं झालंय," साहेब शांतपणे म्हणाले.

मावशी जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची.