फुकट आहे, घेऊन जा

मिर्ताने निळा ड्रेस पलंगावर पसरला आणि दुन्याच्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला.

"आईने शिवलाय," मिर्ता म्हणाली. "महिनाभर बसली होती. उद्या नाचाला घालणार. तोवर कोणाला दाखवणार नाहीये, तूही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" दुन्याने केसांतली मोठी पिवळी क्लिप काढली आणि पुन्हा घट्ट लावली. स्वतःचा काळा स्कर्ट तिने बॅगेतून बाहेरसुद्धा काढला नाही.

झाग्रेबच्या कॉलेजातली ही मुलं तीन दिवसांसाठी झ्युरिकला आली होती. कॉफीचे भाव बघून पहिल्याच सकाळी सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटली. घरून आणलेले मांसाच्या पेस्टचे डबे, पाव आणि चौकातल्या कारंज्याचं पाणी, यावर सगळं भागत होतं. शेवटच्या संध्याकाळी मात्र इथे स्थायिक झालेल्या क्रोएशियन लोकांच्या मंडळाने तळ्याकाठी जेवण आणि नाच ठेवला होता. सगळ्यांचा डोळा त्यावर होता.

मिर्ताची मावशी याच शहरात राहायची, त्यामुळे मिर्ता गल्लीबोळांतून घरच्यासारखी हिंडत होती. स्टेशनवरून होस्टेलला येताना फुटपाथवर एक दिवा आणि दोन खुर्च्या दिसल्या, तेव्हा दुन्याचा लोव्रो थबकला.

"कुणाचं सामान राहिलं रे इथे?"

"राहिलं नाही, मुद्दाम ठेवलंय," मिर्ता हसली. "नको झालेली वस्तू दाराबाहेर ठेवायची, वर 'फुकट' लिहून लावायचं. ज्याला हवी त्याने न्यावी. मावशीचं अर्धं घर असंच भरलंय."

त्यावर लोव्रोने तिला इतके प्रश्न विचारले, की दुन्याला होस्टेलपर्यंत मागून एकटीने चालावं लागलं.

वर्षभर लोव्रो दुन्याचा होता. आता रोज जेवण झालं की तो "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून नाहीसा व्हायचा, आणि त्याच वेळी मिर्ताही कुठे दिसायची नाही. मिर्ता वाईट मुलगी असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती, आणि तेच दुन्याला जास्त खुपत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या तिकीटखिडकीमागे ते दोघं उभे होते. दुन्या भिंतीआड थांबली.

"निळाच," मिर्ता म्हणत होती. "निळ्यात बघशील ना, वेडा होशील."

"आज रात्री बघूच," लोव्रो म्हणाला. "दुन्याला कळू देऊ नकोस फक्त."

म्हणजे त्याला ड्रेसचं सांगून झालं होतं. दुन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बोटीवर सगळे तळ्याचे फोटो काढत होते आणि ती रेलिंग धरून मिर्ताच्या पाठीकडे बघत होती.

जेवणानंतर तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. खोली रिकामी होताच तिने मिर्ताच्या सुटकेसमधून ड्रेस काढला आणि होस्टेलच्या मागच्या गल्लीत एका कुंपणावर नीट टांगला. फेकायचं तिच्या जिवावर आलं, आणि इथली पद्धतच तशी होती. कागदावर 'फुकट' लिहिलं. वारा होता, म्हणून कागद ड्रेसला पक्का लावला. तासाभराने खिडकीतून पाहिलं तर कुंपण रिकामं होतं. तिला फार हलकं वाटलं.

संध्याकाळी मिर्ताने सुटकेस पलंगावर उलटी केली.

"आईला काय सांगू गं मी?"

"दार उघडं राहिलं असेल, कोणीही आलं असेल," असं म्हणत दुन्याने तिच्याबरोबर पलंगाखालीही शोधलं, आणि मनापासून शोधलं. शेवटी मिर्ताने तोंड धुतलं आणि जीन्सच चढवली.

"जाऊ दे. तू केस मोकळे सोडलेस? छान दिसतात. आज तर तू छान दिसायलाच हवीस."

दुन्याचा हात केसांकडे गेला. त्या मोठेपणाचाही तिला राग आला.

हॉलमध्ये अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं तरी लोव्रोचा पत्ता नव्हता. मग तो धापा टाकत पायऱ्या चढून आला. हातात कागदी पिशवी होती.

"चिडू नकोस, दुन्या. तुला नाचासाठी काहीतरी घ्यायचं होतं, पण इथल्या दुकानांत शिरायची आपली छाती नाही. म्हणून मिर्ताला घेऊन तीन दिवस गल्ल्या पालथ्या घातल्या. तीच म्हणाली, तुला निळा शोभेल. आणि आज मी एकटाच फिरत होतो, तर आपल्या होस्टेलच्या मागेच सापडला."

त्याने ड्रेस झटकून उलगडला. मिर्ता ड्रेसकडे बघत राहिली.

"आणि गंमत बघ," पिशवीत हात घालत लोव्रो म्हणाला, "वरचा कागद लावलेली क्लिपसुद्धा अगदी तुझ्या त्या पिवळ्या क्लिपसारखीच आहे."