पट्ट्याचा कौल

धाप मोजायला डॉक्टरांनी बाबांच्या छातीला पट्टा बांधला होता. “आठवडाभर पट्ट्यावरचा दिवा हिरवाच आहे आई, बाबांना धाप लागतच नाही,” थोरला म्हणाला. बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली हलवायचं, तर त्याला तळमजल्यावरचं ऑफिस सोडावं लागणार होतं. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हिरवाच राहणार. हे खाटेवरून हलतच नाहीत. पाणीसुद्धा खुणेनं मागतात.” “हजारोंचे श्वास ऐकून शिकलंय ते यंत्र.” “आणि जन्मभर माझं ऐकून तू काय शिकलास?” बाबा हसायला गेले, अर्ध्यातच थांबले. आईनं पट्टा सोडून थोरल्याच्या छातीवर करकचून आवळला. “खालून माझा चष्मा आण. पळत.” तो परतला तेव्हा दिवा लालभडक होता. “आजारी तूच निघालास की,” आई म्हणाली. “मग खाट तुझी, खालची खोली ह्यांची. उशी खाली ने. सावकाश, तुला धाप लागते.”