बसवत नाही

"घरात आणखी कुणाला असं होतं का?" डॉक्टर स्नेहलनी रिद्धीला विचारलं.

"कुणालाच नाही," उत्तर तिच्या आजोबांनी, पारसमल यांनी दिलं. ओतूरहून नारायणगावला येताना एसटीत त्यांनी नातीला आणि बायकोला हेच बजावलं होतं. पुढच्या महिन्यात रिद्धीचा साखरपुडा होता. मुलाकडचे मंचरचे. घराण्यात दोष आहे म्हटलं की बोलणी तिथंच मोडली असती.

रिद्धीने खाली मान घालून सगळं सांगितलं. संध्याकाळी बसलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटतं. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. चाललं की थांबतं. मुलीचं मन चंचल आहे, असं घरात ठरलं. उपाय म्हणून आजोबांनी रोज एकाऐवजी दोन सामायिकं, म्हणजे जैनांच्या ध्यानाच्या बैठका, करायला लावली. प्रत्येक सामायिकाला पाऊण तासाच्या वर एका आसनावर बसायचं, अंग हलू न देता. ती रडत बसायची.

मनाचा यात काही दोष नाही, हा आजार आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. रक्तातलं लोह तपासायला हवं. आणि पुष्कळदा हे घरातूनच येतं, म्हणून पुन्हा विचारते.

"सांगितलं ना, नाही म्हणून."

रिद्धीच्या आजी, मोहनबाई, भिंतीशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी दोनदा खुर्ची दाखवली तरी त्या बसल्या नव्हत्या. नातीने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते, तिकडे त्या बघत होत्या.

"मला व्हतं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासनं. तिला माझ्याकडूनच आलंय."

रिद्धीने मान वर केली. "दादी, मी आसनावर रडायचे तेव्हा तू दारातून बघायचीस."

मोहनबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मंचरला कळेल," पारसमल हळूच म्हणाले.

"मीच सांगते त्यास्नी. न्हाईतर तितंबी तिला असंच बसवतील."

पारसमल बायकोकडे बघत राहिले. स्थानकात, म्हणजे जैनांच्या धर्मसभागृहात, सगळे सामायिकाला बसलेले असायचे, तेव्हा ही उपवासवाल्यांचं पाणी उकळायची, अंगण झाडायची, लोकांच्या चपला ओळीने लावायची. घरी पंगत उठली तरी हिचं वाढणं संपायचं नाही. गेल्या चातुर्मासात सेवाभावी म्हणून स्थानकाच्या संघाने तिला शाल दिली. तेव्हा टाळ्या वाजवताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला वाटायचं, तुला कामाची आवड आहे," ते म्हणाले.

मोहनबाईंनी पदर सारखा केला.

"मलाबी तसंच वाटायचं."