नूरभाईंनी बसवलेला हात

रोबोटनं बसवलेला महिपतीआबांचा गुडघा तिरका बसला होता. लोणावळ्याच्या वकील प्रेरणाताईंनी डॉक्टर, हॉस्पिटल आणि मशीनची कंपनी अशा तिघांना नोटीस धाडली होती. आज उत्तरं आली. डॉक्टर म्हणत होते मशीन चुकलं, कंपनी म्हणत होती डॉक्टर चुकले, आणि हॉस्पिटलनं आबांच्या सहीचा कागदच पुढं केला होता.

फाईल मिटताना ताईंची नजर आबांच्या कोपरात वाकड्या झालेल्या हातावर गेली. "आबा, हा पण मशीननंच बसवला का?"

आबांचा चेहरा खुलला. "न्हाई वो. ह्यो आमच्या पेठंतल्या नूरभाईंनी बसवला. गावाची हाडं तेच बसवायचे. माझा हात तेवढा चुकला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करतोय? त्यांनीच पट्टी सोडली, हात बघितला आन् म्हणले, 'महिपती, चूक माझी हाय.' त्या सालापासून मरेपतोर दर आवणीला माझ्या खाचरात उतरून माझ्या वाटणीची भाताची रोपं लावली त्यांनी."

आबांनी वाकडा हात कुरवाळला. मग काठी टेकत उठले.

"ताई, त्या तिघांना येवढंच लिवा. आवणी तोंडावर आलीया. कोण येतंय?"