उजव्या पंखावरचं वजन

नंदीशने तिसऱ्यांदा उडवलेलं विमान तिसऱ्यांदा उजव्या अंगावर कोसळलं. स्क्रीनवर धूर झाला. त्याने लॅपटॉप आईकडे वळवला.

"अव्वा, आता तरी पटलं का? हे अप्पांनी बनवलंय."

पार्वतम्मांना विमानातलं काही कळत नव्हतं. पण कललेलं कळत होतं. चाळीस वर्षं त्या ट्रॉली बनवणाऱ्याच्या घरात नांदल्या होत्या. अक्कलकोट रोडच्या शेडमधून निघालेली त्यांच्या नवऱ्याची, चनमल्लप्पांची ट्रॉली, ऊस भरून वळसंगच्या खड्ड्यांतून आली तरी एका अंगाला झुकायची नाही. ट्रॉली गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी ते तिच्या मधोमध काठोकाठ पाणी भरलेली ताटली ठेवायचे. पाणी एका बाजूनं सांडलं, की गिऱ्हाइकाला चहा पाजून 'उद्या ये' म्हणायचे.

यंदा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेनंतर त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात हलला. हात काही हलेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या महेश्वरीबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. चनमल्लप्पा म्हणाले, "मी काय रांगतं लेकरू हाय व्हय?" मग टीव्ही बघताना तो चेंडू पार्वतम्माच दाबत बसायच्या. त्यांचा हात चांगलाच सुधारला.

नंदीश पुण्यात नोकरीला. वडिलांचा वेळ जावा म्हणून त्याने आपला जुना लॅपटॉप, एक दांडा आणि एक खेळ आणून दिला होता. खेळात आपलं लढाऊ विमान आपणच जोडायचं. इंजिनं, पंख, तोफा, बॉम्ब, चिलखती पत्रा, हवं ते लावायचं आणि दांडा धरून उडवायचं. अप्पांनी चार इंजिनांचं अवजड धूड बनवलं. त्या धुडाने आजतागायत शत्रूचं एक विमान पाडलं नव्हतं की एक बॉम्ब टाकला नव्हता. अप्पा ते घेऊन तासभर नाकासमोर जायचे, अक्कलकोटची एसटी न्यावी तसे, आणि परत यायचे.

"हे बघ." नंदीशने जुनी विमानं एकेक करून उघडली. फेब्रुवारीतल्या विमानाच्या उजव्या पंखाच्या टोकाला पन्नास किलोचा जादा पत्रा. डाव्या पंखाला काही नाही. मार्चमध्ये दीडशे. एप्रिलमध्ये तीनशे. कालच्या विमानाला सहाशे, सगळे उजवीकडेच.

"महिन्या-महिन्याला वाढतच चाललंय. नुसता हात नाही गं, डोकं पण जातंय. एका बाजूला सहाशे किलो लावलेले ज्यांना दिसत नाहीत, ते उद्या शेडमध्ये काय बघणार?"

शेड पार्वतम्मांच्या नावावर होती. ती भाड्याने घ्यायला बार्शीचा एक माणूस अकरा वाजता येणार होता. कागद तयार होता, सही तेवढी राहिली होती. पाच महिने त्यांनी एकच धोशा लावला होता, "हात गेला तर जाऊ दे. त्यांचं डोकं शाबूत हाय. शेड द्यायची न्हाय." आता त्यांनी तो सहाशेचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग उठून चष्मा पुसला, आणि फडताळातलं पेन काढून कागदाशेजारी ठेवलं.

नंदीशने दोन मिनिटांत जादा पत्रे काढून टाकले. उडवून बघितलं. विमान सुतासारखं सरळ गेलं.

तेवढ्यात चनमल्लप्पा अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बाहेर आले. पाय थोडा ओढत खुर्चीपाशी गेले, बसले, आणि दांडा डाव्या हाताशी घेतला.

"अप्पा, तुमचं विमान नीट करून दिलंय. उडवा की."

विमान धावलं, उचललं गेलं, आणि उचलता-उचलताच डावीकडे उलटं झालं. खाली आदळलं. पुन्हा धूर.

"बघ," नंदीश हळूच आईला म्हणाला. "सरळ विमान पण उडवता येईना आता."

पार्वतम्मा विमानाकडे बघतच नव्हत्या. त्या दांड्याकडे बघत होत्या. दांड्याभोवती डाव्या हाताची पाचही बोटं घट्ट मिटली होती. जानेवारीत हीच बोटं त्यांनी एकेक करून आमटीच्या वाटीभोवती मिटवली होती, आणि तरी वाटी पडली होती.

"अहो," त्यांनी विचारलं. पाच महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. "समदं वजन उजव्या पंखावर कशापायी?"

चनमल्लप्पांनी आधी लेकाकडे पाहिलं. वेल्डिंग चुकवणाऱ्या कारागिराकडे बघायचे तसं.

"इमान उजवीकडं वढतं. मग ह्या हातानं दांडा डावीकडं रेटून धरावा लागतो. फेब्रुवारीत पन्नास किलोला हात गळायचा. काल सहाशे धरले, तासभर." ते काढलेले पत्रे पुन्हा एकेक करून चढवू लागले. "आज साडेसहाशे लावणार हुतो, तर ह्यानं सगळंच उतरून ठिवलं."